भाऊबीज – व्हाया म्हसवड

भाऊबीज त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत केव्हाही करावी, असा आमच्या घरचा दंडक आहे. याला शास्त्राधार कोणता, हे मला विचारू नका. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. शास्त्रापेक्षा वहिवाटीवर माझा विश्वास अधिक. बहिणीला सवड नसते, भावाला रजा नसते, एस. टी.ला जागा नसते, अशा वेळी ही पंधरा दिवसांची सवलत फार उपयोगी पडते.

गेल्या दिवाळीत चकल्यांचा डबा तळाला लागला होता. अशा एका सकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला हाक मारली. त्यांनी ब्याऐंशी ओलांडली आहे. जन्मभर शाळेत मास्तरकी केली, त्यामुळे अजूनही ते बोलावतात ते विद्यार्थ्याला फळ्यापाशी बोलवावे तसे. त्यांनी माझ्या हातात एक पाकीट ठेवले आणि म्हणाले, "सांगलीला जाऊन आत्याला दे. भाऊबीज आहे म्हणावे."

एवढे बोलून त्यांनी वर्तमानपत्र पुढे ओढले. मी मात्र तसाच उभा राहिलो, कारण आमच्या घरात भाऊबीज या शब्दाचा उच्चार तब्बल पस्तीस वर्षांनी होत होता.

सातारा-सांगलीचा सरळ रस्ता कऱ्हाडवरून जातो. चांगला गुळगुळीत रस्ता आहे, तीन तासांत माणूस सांगलीच्या गणपतीपुढे हात जोडून उभा राहतो. पण मी आमच्या सौ.ना म्हटले, "आपण म्हसवडवरून जाऊ." त्यांनी भूगोलाच्या शिक्षिकेने ढ मुलाकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले. मग काय लक्षात आले कोण जाणे, त्या काही न बोलता डबा भरायला लागल्या. आत्याचे सासर माणदेशात होते.

साताऱ्याच्या स्टँडवर आम्ही वेळेच्या आधी पोचलो आणि गाडी अर्थातच वेळेच्या नंतर यायची होती. समोर झेरॉक्सचे एक दुकान आहे. दुकान कसले, भिंतीत कोरलेला कोनाडाच. पण त्या कोनाड्यात, यंत्राच्या पलीकडे, एक लाकडी स्टूल असते. त्या स्टुलाची आणि माझी ओळख फार मानाची नाही.

झाले ते असे. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी तासानंतर थांबली. रोज संध्याकाळी स्टँडवर एक मुलगा तिच्या मागे मागे येई, काहीबाही बोले, गाडीत चढेपर्यंत पाठ सोडीत नसे. घरी सांगावे तर कॉलेज बंद होण्याची भीती. मी तिचे ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणालो, "दुर्लक्ष कर. आपोआप थांबेल." वर्षानुवर्षे स्त्रीमुक्तीच्या साहित्यावर नोट्स देणाऱ्या माणसाचे हे उत्तर! मुलगी "हो सर" म्हणून गेली.

पुढे तिनेच हसत हसत सांगितले, की आता ती गाडी येईपर्यंत झेरॉक्सच्या दुकानात बसते. दुकानदाराने एकदा सारा प्रकार पाहिला आणि तिला नुसते म्हटले, "आत ये. पाने लावून दे." ती झेरॉक्सची पाने अनुक्रमाने लावी, गाडी लागली की उठे. चार दिवस त्या मुलाने समोर घिरट्या घातल्या, पाचव्या दिवशी दुकानदाराने त्याला "तुला कशाची कॉपी पाहिजे?" असे दोनदा मोठ्याने विचारले. सहाव्या दिवसापासून तो दिसला नाही. मी त्या दुकानात मुद्दाम एक निरर्थक कागद झेरॉक्स करायला गेलो. तेव्हा ते स्टूल पाहिले. माझ्या अठरा वर्षांच्या अध्यापनापेक्षा त्या तीन पायांनी जास्त काम केले होते.

आमची गाडी आली. कंडक्टरने मला पुरे तिकीट दिले आणि सौ.ना अर्धे. २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना एस. टी.चे अर्धेच भाडे पडते. "या वयात तरी मी तुम्हांला निम्म्या खर्चात पडू लागले," असे म्हणून त्या खिडकीपाशी बसल्या.

कोरेगाव मागे पडले, वर्धनगडाचा घाट चढून गाडी पलीकडे उतरली, आणि हिरवा रंग जो मागे राहिला तो राहिलाच. सह्याद्रीवर सांडलेल्या पावसाचे चार थेंब इकडे पोचले तर पोचले. पुसेगाव आले. येथून जवळच कटगुण आहे, जोतीराव फुल्यांच्या पूर्वजांचे गाव. फुल्यांचे नाव निघाले की आपण शाळा, सत्यशोधक समाज, ग्रंथ यांच्याबद्दल बोलतो. पण जोतीराव कंत्राटे घेणारे, व्यवसाय करून पोट भरणारे गृहस्थ होते, हे विसरतो. १८६३ साली या जोडप्याने पुण्यात आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अडचणीत सापडलेल्या विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशा जाहिराती त्यांनी भिंतींवर चिकटवल्या. उपदेश आधी, की जागा आधी? त्या दोघांनी जागा आधी दिली. माझ्या मनात पुन्हा ते स्टूल आले.

आणि आत्या आली.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. १९८८ मधली भाऊबीज. आत्या माहेरी आली ती लांब बाह्यांचे पोलके घालून. तीन वर्षे तिचा संसार चालला होता. 'चालला होता' एवढेच आम्हांला ठाऊक. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात कासारीण आली. सणाला ती येईच. ओसरीवर पेटी उघडली, की लाल-हिरव्या काचेवर ऊन पडून भिंतीवर ठिपके नाचत, ते पाहायला मी पुढे होऊन बसे.

आता जरा विचार करा. परक्या बाईने किंवा बाप्याने घरच्या सुनेचा हात हातात घ्यावा, बोटे दाबावीत, मनगट चेपावे, आणि कोणी काही म्हणू नये, असा धंदा खेड्यात एकच. डॉक्टर नाडी पाहतो तीसुद्धा घरच्यांच्या देखत. कासाराला मात्र कोपरापर्यंतचा हात दिसतो. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्याकडे हिशेब असतो. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. कोणत्या घरात बांगड्या वारंवार 'वाढतात', हे सगळ्या गावात कासारालाच बिनचूक ठाऊक असते.

तिने आत्याची बाही वर सारली आणि तशीच खाली केली. आत्याचा हात दोन्ही हातांत धरून ती अण्णांना म्हणाली, "मास्तर, ह्यो हात परत धाडू नगा."

अण्णांनी धाडला. ते दुष्ट नव्हते, आजही नाहीत. 'चार दिवस सांभाळून घे, सगळे ठीक होईल,' असे ते म्हणाले. बहिणीला स्टँडवर सोडायला ते स्वतः गेले आणि तिच्यासाठी त्यांनी पेढ्यांचा पुडाही घेतला. त्यांच्या त्या वाक्यात आणि माझ्या 'दुर्लक्ष कर'मध्ये फरक किती, हे मी पुष्कळदा मोजून पाहिले आहे. फारसा निघत नाही.

पुढची दोन वर्षे त्या कासारणीने जे केले ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. तिचा फिरतीचा धंदा माणदेशापर्यंत होता. ती आत्याच्या सासरी जाई. सासू डझनाचे पैसे मोजी. कासारीण आत्याच्या हातात आठ भरी आणि चार बांगड्यांचे पैसे पेटीच्या तळाला, आत्याच्या नावाच्या गाठीत ठेवी. धान्य मिळाले तर ते विकून पैसे त्याच गाठीत जात. दोन वर्षांनी त्या गाठीत सांगलीचे तिकीट, एक पोळपाट, एक स्टोव्ह आणि महिन्याचे खोलीभाडे एवढे जमले. एका बाजाराच्या दिवशी आत्या बांगड्या भरायला म्हणून घराबाहेर पडली ती सांगलीला उतरली. माहेराला तिने वाटेत सोडले. त्यानंतर आमच्या घरी भाऊबीज झाली नाही.

काही वर्षांपूर्वी मी वाचले, की मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीत, स्पेनच्या कॅनरी बेटांवर एक युक्ती निघाली. नवऱ्याच्या मारहाणीत अडकलेल्या बाईने औषधाच्या दुकानात जावे आणि 'मास्क एकोणीस' मागावा. दुकानदाराने ओळखावे आणि पोलिसांना कळवावे. नवरा शेजारी उभा असला तरी त्याला वाटावे, बाई मुखपट्टीच घेते आहे. पुढे इंग्लंडातल्या औषधविक्रेत्यांनीही जानेवारी २०२१ पासून असाच एक परवलीचा शब्द ठेवला. सगळ्या जगाने त्याचे कौतुक केले, ते योग्यच होते. मला मात्र आमच्या ओसरीवरची पेटी आठवली. तिथला परवलीचा शब्द होता, 'बांगड्या वाढल्या'.

आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात कुटुंब आरोग्याची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यातला एक आकडा माझ्या वहीत लिहिलेला आहे. कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितली अवघ्या १४ टक्के स्त्रियांनी. ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. कायदा आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क, संरक्षण अधिकारी, सगळे त्यात आहे. पण कोर्टाची पायरी चढणारी बाई साऱ्या गावाला दिसते. चौकीत जाणारी तर दिसतेच दिसते. दुकानात जाणारी बाई मात्र कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. दळण, बांगड्या, झेरॉक्स, मिठाची पुडी. 'कुठे गेली होतीस?' या प्रश्नाला उत्तर तयार असते. म्हणून त्या ७७ जणींचे पहिले पाऊल पडलेच, तर ते बहुधा एखाद्या दुकानाच्या पायरीवर पडेल, असे मला वाटते.

दहिवडी, गोंदवले करीत गाडी म्हसवडला आली. माणगंगेच्या काठचे हे गाव, सिद्धनाथाचे ठाणे. नदीला नाव गंगेचे, पाणी मात्र देवाच्या मर्जीचे. आम्ही सिद्धनाथाचे दर्शन घेतले आणि मी ज्यासाठी वाट वाकडी केली होती तिकडे, माणदेशी महिला सहकारी बँकेकडे वळलो.

चेतना गाला मूळच्या मुंबईच्या. जयप्रकाशांच्या चळवळीत होत्या. विजय सिन्हा यांच्याशी लग्न होऊन त्या म्हसवडला नांदायला आल्या. त्यांच्याकडे एकदा रस्त्याकडेला लोखंडी अवजारे बनवणारी एक बाई आली. पावसाळ्यात डोक्यावर ताडपत्री घालता यावी म्हणून तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते, पण एवढ्याशा रकमेसाठी खाते उघडायला कोणतीही बँक तयार नव्हती. मग बायकांची आपलीच बँक काढायचे ठरले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. निरक्षर बायकांना बँकेचा परवाना कसा द्यायचा? चेतनाबाई परत आल्या. अडाणी राहिलो यात आमचा काय दोष, असे म्हणून बायकाच शिकायला बसल्या. पाच महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि तिथल्या साहेबांना त्यांनी आव्हान दिले: मुद्दलावरचे व्याज सांगा, आम्ही यंत्राशिवाय काढतो, तुम्ही यंत्राने काढा, बघू कोण आधी. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. २०१८ मध्ये याच चेतनाबाई दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षांपैकी एक होत्या. ताडपत्रीपासून दावोसपर्यंतचे अंतर एस. टी.च्या कोणत्याच वेळापत्रकात नाही.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट पुढची आहे. बँकेत नवी यंत्रे आली तेव्हा बायकांना गुप्त आकडा द्यायचे ठरले. बायका म्हणाल्या, आकडा नको, अंगठाच बरा. चेतनाबाईंना वाटले, यांना आकडा समजत नसावा. तसे नव्हते. आकडा कोणीही आमच्याकडून काढून घेईल आणि कष्टाचे पैसे नेईल, अंगठा कोणाला चोरता येणार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या अंगठ्यापायी परवाना नाकारला गेला तोच अंगठा शेवटी तिजोरीची किल्ली झाला. आता हे 'कोणीही' म्हणजे कोण, ते बायकांनी सांगितले नाही. सांगण्याची गरज पडू नये, यातच त्या बँकेची खरी हुशारी आहे. घरी भांडण काढावे लागत नाही, कोणावर आरोप करावा लागत नाही. पैसे तिथे आहेत आणि अंगठा हाताला आहे.

आम्ही बाकावर थोडा वेळ बसलो. डोक्यावरचा पदर दातांत धरून एक म्हातारी नोटा मोजत होती. तीनदा मोजल्या, आत दिल्या, पावती उलटसुलट करून पाहिली आणि चोळीत ठेवली. सौ. हळूच म्हणाल्या, "आत्यांच्या वेळी ही बँक असती तर?"

मी हिशेब केला. आत्या निघाली १९९० मध्ये, बँक झाली १९९७ मध्ये. सात वर्षांची चुकामूक. "तोवर बांगड्यांची पेटी होती," मी म्हणालो.

म्हसवडहून दिघंचीला जाताना आपण जिल्हा ओलांडतो. सातारा संपतो, सांगली लागते. खरे म्हणजे ही सीमा अलीकडची. सांगली शहर संस्थानिकांचे होते, आणि भोवतालचा बराच मुलूख साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याला सांगलीचे नाव मिळाले. माळराने, बोरीबाभळी आणि मेंढरे यांना ते अजून कळलेले दिसत नाही. आटपाडीकडे डाळिंबाच्या बागा दिसू लागल्या. विट्याला गाडी बदलली. हा भाग सोने-चांदी गाळणाऱ्यांचा. इथले पुरुष गलाईच्या धंद्यासाठी हिंदुस्थानभर गेलेले आहेत.

संध्याकाळी आम्ही किर्लोस्करवाडीला पोचलो. मला इथे थांबायचेच होते. १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना मांडला, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. मला कुतूहल होते ते निराळ्याच नांगराचे. याच माळावरून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले आणि १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक काढले. लोखंडी नांगर आणि पंप करणाऱ्या कारखान्याने बायकांचे मासिक का काढावे? पण काढले. घटस्फोट, विधवाविवाह, बाईची मिळकत हे विषय माजघरात उच्चारायची सोय नव्हती, तेव्हा ते 'स्त्री'मधून टपालाने माजघरात येऊ लागले.

आमच्या माळ्यावर 'स्त्री'चे बांधीव अंक आहेत. अण्णांनी आणि आजोबांनी जमवलेले. अण्णा त्यातले लेख शाळेच्या स्नेहसंमेलनात वाचून दाखवीत. १९८८ च्या त्या भाऊबीजेलाही ते अंक आमच्या डोक्यावरच, माळ्यावर होते.

कारखान्याच्या दिव्यांकडे पाहत मी हे सौ.ना बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, "वाचलेले माळ्यावर राहते हो. दारात उभ्या राहिलेल्या बाईला खाली काहीतरी लागते." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण अंकांना नावे ठेवू नका. माळ्यावर का होईना, होते म्हणून तर अण्णांना पस्तीस वर्षे झोप लागली नाही."

भिलवडी, नांद्रे, माधवनगर करीत आगगाडीने रात्री सांगलीला आणून सोडले. हळदीच्या या पेठेत उतरले की माणसाला आपल्याच लग्नाची आठवण होते, असे सासुरवाडी सांगलीची असल्यामुळे मी नेहमी म्हणतो. त्या रात्री म्हणालो नाही.

आत्याकडे सकाळी गेलो. दोन खोल्या, पुढच्या खोलीत तीन शेगड्या, तीन बायका लाटायला. रोज दीड-दोनशे पोळ्या डब्यांसाठी जातात. लग्नाकार्यात मी आत्याला पाच-सहा वेळा भेटलो होतो, सौ. दिवाळीचा डबाही पाठवीत. पण इथे, तिच्या राज्यात, मी पहिल्यांदाच येत होतो. तिने मला पाटावर बसवले, सौ.ना लाटणे दिले. मी झेरॉक्सच्या स्टुलापासून म्हसवडच्या बँकेपर्यंत सगळे सांगितले. ती पोळी उलटत ऐकत होती.

"कासारणीचे कळले तुला. पण माझे पहिले गिऱ्हाईक कोण, ठाऊक आहे?" तिने विचारले. "चांगल्या घरांतून पोळ्या घ्यायला कोणी तयार नव्हते. नवऱ्याला सोडून आलेली बाई. तिच्या हातचे कसे खायचे? मग गोकुळनगरातल्या बायकांनी घ्यायला सुरुवात केली. रोख पैसे. घासाघीस नाही."

गोकुळनगर म्हणजे सांगलीतली वेश्यावस्ती. मी सौ.कडे पाहिले, त्या खाली मान घालून लाटत होत्या.

"सहा महिन्यांनी तो मला शोधत आला," आत्या म्हणाली. तो म्हणजे तिचा नवरा. "रस्त्यातच दंड धरला. लोक बघत उभे राहिले. नवरा-बायकोचे भांडण, मध्ये कोण पडणार? त्या बायका पडल्या. सात-आठ जणी आल्या आणि आम्हां दोघांच्या मध्ये नुसत्या उभ्या राहिल्या. एक त्याला म्हणाली, 'ही आमची पोळीवाली आहे. हिचा हात मोडला तर आम्ही जेवायचे काय?' एवढेच. तो पुन्हा आला नाही."

पुढे १९९२ मध्ये मीना सेषू यांनी सांगलीत 'संग्राम' ही संस्था सुरू केली. एड्सच्या त्या भयानक वर्षांत या वस्त्यांतल्या बायकांनीच बायकांना आजाराची माहिती द्यायची, असे काम उभे राहिले. त्यातूनच १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद झाली. पोलिसांची दांडगाई, गुंडांचे हप्ते, गिऱ्हाइकांची मारहाण, यांविरुद्ध त्या संघटित झाल्या. हे मी वाचून जाणून होतो. वर्गात मात्र त्या परिषदेचे नावही मी कधी घेतले नाही. पहिला शब्द अडे. आणि ज्यांचे नाव घ्यायला मी अडखळत होतो, त्यांनी माझ्या आत्याचा हात सोडवला होता. मध्यमवर्गाची सभ्यता काही वेळा किती महाग पडते, आणि त्याचे बिल दुसरेच कोणीतरी कसे भरते, ते त्या पाटावर बसून मला कळले.

शेवटी मी पाकीट काढले. "अण्णांनी दिले आहे. भाऊबीज."

लाटणी थांबली. आत्याने हात पुसले, पाकीट घेतले, न उघडता थोडा वेळ धरले आणि परत माझ्या खिशात घातले.

"राग आहे म्हणून नाही," ती म्हणाली. "राग होता, तो पोळ्यांबरोबर भाजून संपला. पण भाऊबीज म्हणजे काही मनीऑर्डर नव्हे. ओवाळायला कपाळ लागते. तुझ्या कपाळाला मी काय ओवाळू? तू भाचा. त्याला सांग, पंच्याहत्तरीच्या पुढे एस. टी. फुकट आहे, २०२२ पासून. मी चौकशी करून ठेवली आहे."

मी हसलो. तीही हसली. पण ती चौकशी तिने केव्हा केली असेल, हा विचार मनात येऊन माझे हसू अर्ध्यावर थांबले.

आम्ही कऱ्हाडवरून सरळ रस्त्याने परत आलो. पाकीट अण्णांच्या पुढे ठेवले, निरोप जसाच्या तसा सांगितला. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती पुन्हा उलगडली. रात्री जेवताना विचारले, "पौर्णिमा कधी आहे?"

"परवा," सौ. म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्टँडवर घेऊन गेलो. मी बरोबर येतो म्हटले तर "मला रस्ता ठाऊक आहे," म्हणाले. गाडीला वेळ होता. ऊन चढत होते, बाके भरली होती, आणि अण्णांचे पाय थरथरत होते. म्हातारपणाने किंवा आणखी कशाने. समोरच्या कोनाड्यातून झेरॉक्सवाल्याने पाहिले. काय, कोण, कुठे, काहीही न विचारता त्याने ते लाकडी स्टूल बाहेर आणून ठेवले.

अण्णा त्यावर बसले. पिशवी मांडीवर घेतली. पिशवीत पाकीट होते, आणि साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा एक पुडा.